माचू पिचूचं तिकीट काढण्याआधी

पुणे
१५ फेब्रुवारी

प्रिय वैशाली,

थांब. सर्किट दोनची चार तिकिटं एवढ्यात काढू नकोस. "सगळे तेच सांगतायत, आणि तेच आधी संपतं म्हणे," असं तू म्हणालीस. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण सगळे सांगतात ते एकट्या-दुकट्या तरुण प्रवाशाला. तुमच्यात गुडघे धरून चालणाऱ्या काकू आहेत, डोंगर दिसला की चढायला निघणारा ओम आहे, फोटोचं वेड असलेला प्रमोद आहे, आणि उभा जन्म महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात काढलेली तू आहेस. फोनवर हे सगळं नीट सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. चहा घेऊन बस.

पूर्वी माचू पिचूत, पेरूतल्या डोंगरावरच्या त्या जुन्या इंका गावात, एकदा शिरलं की मनाला येईल तिकडं भटकता यायचं. तो काळ संपला. १ जून २०२४ पासून तिथं तीन सर्किट, म्हणजे फिरायचे ठरवून दिलेले पट्टे, आणि त्यांचे मिळून दहा मार्ग आहेत. तिकिटावर तुझं नाव, पासपोर्टचा नंबर, मार्ग आणि आत शिरायची वेळ छापलेली असते. दारात जाऊन मार्ग बदलून मिळत नाही. आत सगळी वाट एकेरी, मागं वळलीस की पहारेकरी शिट्टी मारतो. एकदा बाहेर पडलं की त्याच तिकिटावर परत आत घेत नाहीत. सुरुवातीला मला हा सगळा जाच वाटला. मग विचार केला, जास्तीत जास्त हजारभर माणसांसाठी बांधलेली ती वस्ती, एरवी तर तिथं तीनेकशेच माणसं राहत असावीत. आता रोज साडेचार हजार लोक आत सोडतात, ठरावीक तारखांना ५,६०० पर्यंत. मार्ग आखले नसते तर त्या पायऱ्या आत्तापर्यंत झिजून गेल्या असत्या.

आता थोडक्यात फरक. सर्किट एक वरून जातं. सगळ्यांच्या भिंतीवर असतो तो फोटो, खाली दगडी गाव आणि मागं उभा सुळका, तो तिथून मिळतो. पण गावात पाऊल टाकता येत नाही, नुसतं बघायचं. सर्किट दोन थोडं वर नेतं, फोटो देतं, आणि मग गावातूनही फिरवतं. सर्किट तीन खालच्या अंगानं जातं. त्यात तो सुप्रसिद्ध फोटो नाही, म्हणून लोक त्याला उरलंसुरलं समजतात. मी दोन आणि तीन दोन्ही केले, वेगवेगळ्या दिवशी. आणि तुला माझं म्हणणं सांगू? तुमच्या घरासाठी तीनच.

पहिलं कारण काकू. सर्किट दोनला सुरुवातीलाच धापा टाकायला लावणारा पायऱ्यांचा चढ आहे, आणि इंका लोकांच्या पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नसतात. एक वीतभर, पुढची गुडघ्याइतकी. तीनमध्येही पायऱ्या आहेतच, सपाट रस्ता तिथं कुठंच नाही, पण तिन्हींत तोच सगळ्यांत सोसवेल. काकूंच्या काठीला खाली रबर असू दे. उघड्या टोकाच्या काठ्या आत नेऊ देत नाहीत, दगड खरवडतात म्हणून. आणखी एक, हे आधी सांगायला हवं होतं: आत स्वच्छतागृह नाही. ते दाराबाहेर आहे, पैसे देऊन. परत आत येता येत नसल्यामुळे काकूंना आधीच घेऊन जा.

दुसरं कारण तू. अगं, सर्किट तीनची वाट पाण्याच्या कडेनं जाते! सूर्यमंदिराच्या बाजूला एकाखाली एक अशी दगडी कारंजी आहेत, एकूण १६. कारंजी म्हणजे उसळणारी नव्हेत; वरच्या दगडातल्या पन्हळीतून खालच्या चौकोनी कुंडात धार पडते, तिथून पुढच्या कुंडात. घागर धारेखाली धरायची आणि भरायची, असं काम. पहिलं कारंजं राजाच्या निवासाला लागून. पाचाकुती हा तो राजा, इंका साम्राज्य खऱ्या अर्थानं मोठं करणारा. म्हणजे शुद्ध पाणी आधी साहेबांना आणि मग उतरत उतरत बाकीच्यांना. तुझ्या खात्यात हे काही नवीन नाही.

केनेथ राइट नावाच्या अमेरिकन जलअभियंत्यानं १९९४ पासून अनेक वर्षं हे सगळं मोजलं. पाणी येतं ते माचू पिचू डोंगराच्या उत्तर उतारावरच्या एका झऱ्यातून. झऱ्यापाशी दगडाची सच्छिद्र भिंत घालून पाझर गोळा केलाय आणि तिथून ७४९ मीटर लांबीचा दगडी पाट गावात आणलाय. पाटाची क्षमता मिनिटाला सुमारे ३०० लिटर, आणि झरा देतो कमीत कमी २३, जास्तीत जास्त १२५ लिटर. म्हणजे भरपूर मार्जिन ठेवलंय. तू टेंडरवर सही करताना ज्याच्यासाठी भांडतेस तेच. ही माणसं लिहीत नव्हती, दोऱ्यांच्या गाठींत हिशोब ठेवत होती, लोखंड त्यांच्याकडं नव्हतं, ओझं वाहायला चाक नव्हतं. पण आधी झरा, मग पाट, मग त्या पाटाला किती उतार मिळतो त्यावरून राजाचं घर कुठं, हे मात्र त्यांनी ठरवलेलं दिसतं.

सांडपाणी आणि पावसाचं पाणी तर त्याहून भारी. तिथं वर्षाला जवळजवळ दोन हजार मिलीमीटर पाऊस पडतो, आणि गाव वसलंय दोन्हीकडं दरी असलेल्या खिंडीत. अशा जागी ते पाचशे-साडेपाचशे वर्षं घसरून गेलं नाही, याचं कारण जमिनीखाली आहे. राइटच्या अंदाजानं एकूण बांधकामातलं ६० टक्के काम आपल्याला दिसतच नाही: पाया, भराव, निचरा. मोठ्या हिरव्या चौकाखाली दगडाच्या कपच्यांचा जाड थर आहे, दगड घडवताना जो चुरा उरला तोच कामाला लावलेला. शेतीच्या पायऱ्यांतही वर माती, खाली वाळू-खडी, तळाला मोठे दगड. भिंतींच्या पायथ्याशी पाणी बाहेर सोडायची भोकं शोध, गावात अशा सुमारे १३० जागा नोंदलेल्या आहेत. सर्किट एकवरून हे दिसणार नाही. फोटोतही दिसत नाही. वाकून बघावं लागतं, आणि वाकून बघायला तू जवळ असायला हवीस. प्रमोदला पुढं जाऊ दे.

सूर्यमंदिराच्या आत सोडत नाहीत, पण त्याची गोल भिंत बाहेरून डोळे भरून बघ. खालचा नैसर्गिक कातळ आणि वरची घडवलेली भिंत यांत सांधा शोधावा लागतो. चुना नाही, माती नाही. त्याच्या एका खिडकीतून जूनमधल्या अयनदिनाचा, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाचा, सूर्य उगवताना आत येतो. पुढं कोंडोरचं, म्हणजे तिकडच्या थोरल्या गिधाडाचं, मंदिर लागेल. दोन मोठे कातळ पंखांसारखे आणि जमिनीवर कोरलेलं डोकं. गाइडनं दाखवल्याशिवाय मला त्यात पक्षी दिसला नव्हता, काकूंना कदाचित लगेच दिसेल.

तिसरं कारण ओम. वायना पिचूला, म्हणजे फोटोत मागं दिसणाऱ्या त्या सुळक्याला, जाणारा मार्ग ३-ए आहे. तो सर्किट तीनमधलाच. तुमच्या तिघांचा ३-बी. दोन्ही गट एकाच वेळेचं तिकीट घेऊन एकत्र आत शिरू शकता, गावाच्या टोकाशी पवित्र शिळा म्हणून एक मोठा दगड आहे, तिथपर्यंत बरोबर चालाल, तिथून ओम सुळक्याकडं, तुम्ही पुढं. सर्किट दोन घेतलंत तर हे जमत नाही, मग त्याला वेगळं तिकीट, वेगळी वाट, आणि तुला दिवसभर काळजी. वायना पिचूची उंची सुमारे २,७०० मीटर, म्हणजे गावापासून अडीचशे-पावणेतीनशे मीटर वर. अरुंद पायऱ्या, काही ठिकाणी तारेचा आधार, एका बाजूला सरळ दरी. तो हरिहर चढून आलाय ना, मग त्याला जड जाऊ नये. पण ओल्या दगडावर मस्ती करू नकोस म्हणून माझ्या नावानं दम दे. या मार्गाची तिकिटं मोजकी असतात, तीच आधी बघ. त्याला मिळालेली वेळ तुम्ही घ्यायची, उलटं नाही.

आता तोटा सांगते, लपवत नाही. सर्किट तीनमध्ये तीन खिडक्यांचं मंदिर आणि त्याच्या जवळची दगडाची खाण हातची जाते. त्या मंदिराची एक गोष्ट मला फार आवडते. १९११ च्या जुलैत हिरम बिंगहॅम तिथं पोहोचला, वाट दाखवायला मेल्चोर आर्तेआगा नावाचा स्थानिक शेतकरी, वर गेल्यावर एक लहान मुलगा. पायऱ्यांवर तेव्हाही काही कुटुंबं शेती करत होती! आणि या मंदिराच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेलं: लिसारागा, १९०२. म्हणजे आगुस्तीन लिसारागा हा खालच्या दरीतला माणूस नऊ वर्षं आधीच येऊन सही ठोकून गेला होता. सही पुढं पुसून टाकली, आणि तो बिचारा १९१२ साली खालच्या नदीत बुडून गेला. शोध लावल्याचं नाव मात्र ज्याच्याकडं कॅमेरा आणि विद्यापीठ होतं त्याचं झालं.

आणि फोटोचं काय? प्रमोद मला शिव्या घालेल. त्याच्यासाठी उपाय आहे, खर्चिक आहे, पण एवढ्या लांब जाताय तर करा. आदल्या दिवशी दुपारी सर्किट एकचा १-बी मार्ग घ्या, शेतीच्या वरच्या पायऱ्यांचा. तो लहान आहे. सकाळच्या रेल्वेगाडीनं ओयांताइताम्बो गावाहून निघालात की दोनेक तासांत खालच्या गावात, आग्वास काल्येंतेसला, पोचता. सामान टाका, जेवा, काकूंना हॉटेलवर आराम करू दे, आणि तुम्ही तिघं दोन वाजताच्या वेळेला वर जा. सकाळी सहाच्या तिकिटासाठी लोक जीव टाकतात, पण पहाटे तिथं कितीदा तरी पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नाही. दुपारी ऊन तिरपं होतं आणि सकाळची झुंबड ओसरलेली असते. फोटो उरकला की दुसऱ्या दिवशी सर्किट तीनला कोणाच्याही हातात सारखा मोबाइल नको, अशी अट घाल.

मी गेले तेव्हा साधं तिकीट १५२ सोल (तिकडचं चलन) होतं आणि डोंगराचं २००. पेरू सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या संकेतस्थळावरूनच घे. मधले दलाल "शेवटची चार राहिलीत" म्हणून घाबरवतात. आग्वास काल्येंतेसमध्ये समोरासमोरही रोज हजारेक तिकिटं विकतात, पण त्यासाठी रांगेत उभं राहायचं आणि मिळेल तो मार्ग घ्यायचा. काकूंना घेऊन तो जुगार नको. खालून वरच्या बसचं तिकीट वेगळं, आणि स्वस्त नाही. चालत चढायचा विचार फक्त ओमनं करावा, आणि त्यानंही सुळक्याच्या दिवशी नाही.

तारखांचं बघताना २८ आणि २९ जुलै टाळ, पेरूचा स्वातंत्र्याचा सण असतो, सगळा देश फिरायला निघतो. आणि कुस्कोत उतरल्या उतरल्या मुक्काम करू नका. लोकांना वाटतं माचू पिचू उंचावर आहे. ते २,४३० मीटरवर, कुस्को ३,४०० वर! आपल्या कळसूबाईच्या दुप्पट. विमानतळावरून थेट गाडीनं ओयांताइताम्बोला उतरा, ते २,८०० च्या आसपास आहे, झोप नीट लागते. कुस्को परतीच्या वाटेवर बघा, तोवर शरीर सरावलेलं असेल. काकूंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल आणि उंचीबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून ठेव. कोकाच्या पानांचा चहा सगळे देतात, प्यायला हरकत नाही, पण ती पानं सोबत घरी आणायची नाहीत.

काकूंच्या जेवणाची काळजी करू नकोस. किन्वाचं सूप, मक्याची कणसं, आणि बटाटे, हजारो जातींचे, जांभळे, पिवळे, वेडेवाकडे. आषाढी तिकडंच येत असेल तर त्यांना सांग, की तुमच्या उपवासाच्या ताटातला बटाटा, शेंगदाणा, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, सगळं मूळचं त्याच खंडातलं. सोवळ्यातल्या काकूंचा चेहरा बघायला मला आवडलं असतं.

ओमच्या ३-एची उपलब्धता आज रात्रीच बघ आणि मला कळव. पासपोर्टवर नाव जसं आहे तसंच, मधल्या नावासकट, तिकिटावर टाक. दारात पासपोर्ट बघतात. प्रमोदला नमस्कार, काकूंना साष्टांग.

तुझी,
मेधा

ता. क. नदीकाठी बारीक चावऱ्या माश्या असतात, दिसत नाहीत, रात्री खाज सुटल्यावर कळतं. चौघांनाही पूर्ण लांबीच्या पँट, आणि ओडोमॉस इथूनच ने.