फिकट झालेल्या फुलांविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि छायाचित्रे मिळाली. पॅरिसच्या त्या दुकानातले खणांचे बुटके कपाट खरोखर अठराव्या शतकातले आहे का, असे तू विचारतोस. छायाचित्रांवरून निर्णय देणे मला योग्य वाटत नाही. पण तिथे पुन्हा जाशील तेव्हा काय पाहायचे, ते मनापासून लिहितो.

दुकानदार तुला आधी शिक्का दाखवील. पॅरिसच्या सुतारसंघाने कारागिरांना आपल्या नावाचा ठसा उमटवणे बंधनकारक केले होते आणि त्याच्या जोडीला संघाच्या तपासणीची 'जेएमई' ही अक्षरे येत. १७९१ मध्ये संघच बरखास्त झाले. पण ठसा नंतरही मारता येतो, आणि राजाच्या सेवेतल्या कारागिरांना त्यातून सूट असे. म्हणून मी ठशाकडे सर्वांत शेवटी वळतो. आधी खण पूर्ण बाहेर काढ. आतला सांगाडा बहुधा ओकचा किंवा पाइनचा असतो, आणि त्यावर चिकटवलेला मौल्यवान लाकडाचा पापुद्रा हाताने करवतलेला असल्यामुळे साधारण दीड-दोन मिलिमीटर जाड असतो. कडेला तो कागदासारखा पातळ दिसला, तर तो यंत्रयुगातला समजावा.

आता रंगाविषयी, कारण माझे मन तिथेच गुंतते. अशा कपाटांवर रंगीत लाकडाच्या तुकड्यांनी जडवलेली, आज आपल्याला दिसणारी ती मधाळ, तपकिरी फुले मूळची तशी नव्हती. अमरांथ लाकूड जांभळे असे, ट्यूलिपवुड गुलाबी रेघांचे, आणि पाने हिरव्या रंगात बुडवलेल्या फिक्या लाकडाची असत. पाकळ्यांना सावली देण्यासाठी कारागीर त्यांची कड तापलेल्या वाळूत धरून हलकेच करपवीत. अडीचशे वर्षांच्या उजेडाने हा सारा बगीचा उतरवला. मात्र ब्राँझच्या नक्षीखाली, जिथे ऊन पोहोचले नाही, तिथे मूळ रंगाची एखादी पट्टी अजून सापडते. ती पाहिली की माझा श्वास क्षणभर थांबतो.

व्हर्सायला जाशील तेव्हा पंधराव्या लुईचे लिहिण्याचे मेज अवश्य पाहा. १७६० मध्ये झाँ-फ्रान्स्वा ओबेन या कारागिराने ते हाती घेतले, तो वारल्यावर झाँ-आंरी रीझनरने १७६९ मध्ये पूर्ण केले, आणि आपले नाव त्याने लाकडाच्याच तुकड्यांनी जडवून ठेवले. त्यांच्या बऱ्याच आधीच्या आंद्रे-शार्ल बूल या कारागिराची पद्धत अगदी वेगळी होती. कासवाच्या कवचाचे आणि पितळेचे पत्रे एकावर एक ठेवून तो एकाच वेळी करवतीने कापी, त्यामुळे एका नक्षीतून दोन जुळे नमुने मिळत : एकात कवचावर पितळ, दुसऱ्यात पितळेवर कवच. मात्र त्याची नक्कल एकोणिसाव्या शतकात भरपूर झाली, हे ध्यानात ठेव.

दुकानदाराला विनंती करून एखादे हँडल उघडून घे आणि त्याखालचे लाकूड बाहेरच्यापेक्षा गडद, ताजे दिसते का, ते मला सविस्तर कळव.

तुझा,
मित्र