औलांकाच्या काठावरून

प्रिय मित्रा,

रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि मी दिवा न लावता लिहितोय. जूनमध्ये इकडे अंधार पडतच नाही. मागच्या वेळी तू विचारलं होतंस, सुट्टी काढून एवढ्या लांब, एका लहानशा नदीसाठी कशाला जातोस? तेव्हा नीट सांगता आलं नाही. आज सांगतो.

नदीचं नाव औलांका. फिनलंडच्या उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताजवळ, साल्ला भागातल्या दलदलीत ती उगम पावते. लांबी साधारण 135 किलोमीटर, म्हणजे आपल्याकडे उपनदीतच जमा. पण फिनलंडचं बहुतेक पाणी बाल्टिक समुद्राला मिळतं, आणि ही मात्र पूर्वेला जाते. कूसामोचा हा मुलूख ऐन जलविभाजकावर आहे. इथेच उगम पावणारी ईयोकी नदी पश्चिमेला बोथनियाच्या आखाताकडे उतरते, आणि औलांका सरहद्द ओलांडून रशियातल्या पानायार्वी सरोवरात शिरते. तिथून तिचं पाणी प्याओझेरो सरोवर आणि कोव्दा नदीमार्गे श्वेत समुद्राला मिळतं. महाबळेश्वरला सावित्री कोकणात उतरते आणि कृष्णा पूर्वेची वाट धरते ना, अगदी तसं.

काल तिच्यावरच्या किउताक्योन्गास धबधब्याला गेलो होतो. सहाशे मीटरांत नदी चौदा मीटर खाली येते, तांबूस डोलोमाइटच्या कड्यांमधून. बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नाही. या चुनखडीच्या खडकामुळे इथल्या मातीत कॅलिप्सो नावाचं गुलाबी ऑर्किड फुलतं. बोटभर उंचीचं, पायाखाली येईल म्हणून जपून चालावं लागतं. 1956 साली झालेल्या इथल्या राष्ट्रीय उद्यानाचं तेच बोधचिन्ह आहे.

पण मला खरं गुंतवलं ते धबधब्याखालच्या नदीनं. तिथून सरहद्दीपर्यंत ती नुसती वळत राहते. हिमयुग संपताना वितळत्या बर्फाच्या पाण्यानं या दरीत वाळूचे थर टाकले, आता नदी तेच कोरते आहे. आज दुपारी एका वळणाच्या बाहेरच्या काठावर बसलो होतो. काठावरच्या पाइनची अर्धी मुळं उघडी पडून हवेत लोंबत होती. वारा आला की मुळांतून वाळूची बारीक धार सुटायची, पाण्यात पडताना तिचा आवाजही येत नव्हता. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, दलदलीतून येतं म्हणून. समोरच्या, आतल्या काठावर तीच वाळू साचून स्वच्छ पांढरा पट्टा झालेला. शाळेत नालाकृती सरोवराची आकृती आपण किती वेळा काढली! इथे ती सगळ्या अवस्थांत दिसते: मान बारीक होत आलेलं वळण, नुकतंच तुटलेलं, आणि गवतानं भरून गेलेलं जुनं.

त्या गवतावर माणसं जगत होती. मे महिन्यात बर्फ वितळलं की पूर येतो, काठच्या कुरणांवर गाळ पसरतो आणि खत न घालता गवत वाढतं. ते कापून ठेवायच्या लाकडी खोपट्या अजून उभ्या आहेत.

खाली पानायार्वीच्या काठीही फिनिश गावं होती. सोव्हिएत संघाशी झालेल्या युद्धात माणसांना घरं सोडावी लागली. 1940 च्या तहानं तो भाग सोव्हिएत संघाकडे गेला, मधली काही वर्षं परत मिळाला, आणि 1944 नंतर कायमचा गेला. त्यांची मुलंनातवंडं इकडच्या बाजूला राहिली. 2023 च्या अखेरीस फिनलंडनं ही सरहद्द बंद केली, त्यामुळे आता आजोबांचं सरोवर बघायलाही इकडून जाता येत नाही. मला हे फार लागलं. नदी इथून चालत जाण्याइतक्या अंतरावर सरहद्द पार करते.

आणि ट्राउट मासे मात्र येतात. उन्हाळ्यात त्या सरोवरांतून प्रवाहाच्या उलट वर चढतात आणि शरद ऋतूत या गार, खळखळत्या पाण्यात अंडी घालतात. पिल्लं काही वर्षं इथे वाढतात आणि मग खाली, पलीकडे जातात. मी तासभर पाण्याकडे बघत होतो. एकदाच, दगडाच्या आडोशाला एक लांबट सावली स्थिर झाली, शेपटी हलली आणि ती वर निघून गेली.

उद्या झुलत्या पुलावरून पलीकडच्या काठाला जाणार आहे. सोबत वळणाचा नकाशा हातानं काढून पाठवतोय. बाण पूर्वेकडे दाखवलाय, तो बरोबर आहे.

तुझाच