खिशातल्या बॉलपेनसाठी आभार

मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

सायकलच्या मागच्या चाकाची घरघर गेली. आता पेडल थांबवलं की फक्त फ्रीहबची, म्हणजे पेडल थांबलं तरी चाक फिरू देणाऱ्या भागाची टिकटिक ऐकू येते, आणि ती यायलाच हवी. पण निव्वळ आवाज गेला म्हणून हे पत्र लिहायला बसलो नाही. तुमच्या शर्टाच्या खिशातलं बॉलपेन डोक्यातून जात नाहीये. त्याच्याकडे येतोच, पण आधी थोडी जळजळ बाहेर काढू द्या.

तुमच्याआधी ज्यांनी या चाकाला हात लावला त्यांच्याबद्दल तुम्ही एक शब्द काढला नाहीत. मी काढणार आहे.

पहिल्याने हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या फटीतून स्प्रे मारला. आवाज दोन दिवस बसला आणि मग दुप्पट जोमाने परत आला. येणारच होता. असा पातळ स्प्रे आतलं ग्रीस विरघळवतो, बाहेरची माती घेऊन आत शिरतो आणि स्वतः उडून जातो. मागे उरतं ते पाणचट ग्रीस आणि त्यात कालवलेली बारीक वाळू. दुसऱ्याने चेन बदलली. का, तर ‘आवाज चेनचाच असतो’. पेडल थांबवून सायकल नुसती घरंगळत असताना चेन जागच्या जागी उभी असते, क्रँक म्हणजे पेडलचा दांडा उभा असतो, पेडलही उभं असतं. घरघर तेव्हाही चालूच होती. उभ्या असलेल्या चेनने आवाज करायचा तरी कसा? तिसऱ्याने चाक हलवून पाहिलं, डुगडुग लागली, आणि कोन, म्हणजे ॲक्सलच्या आट्यांवर बसणारी, छऱ्यांना आतून टेकणारी शंकूसारखी नट, आवळून टाकला. डुगडुग गेली, पण चाक हातात धरून फिरवलं तर खाचाखाचांनी अडकत फिरायला लागलं. मागच्या ॲक्सलचे आटे साधारण 1 मिमी अंतराचे असतात. म्हणजे कोन आठवा भाग फिरवला तरी 0.125 मिमी पुढे सरकतो, आणि छऱ्यांच्या दुनियेत हे अंतर फार मोठं आहे. त्याने तर पाऊण फेरा दिला असावा. चौथ्याने चाक उचलूनही पाहिलं नाही. ‘नवं चाक घाला’, एवढंच.

तुम्ही पाना हातात घेतला नाहीत. आधी विचारलंत, ‘पेडल मारणं थांबवल्यावर येतो?’ या एका प्रश्नाने अर्धी सायकल बाद झाली. मग मागचं चाक उचलून हाताने फिरवलंत आणि सीटखालून ॲक्सलकडे उतरणाऱ्या नळीवर तळवा ठेवून उभे राहिलात. सायकलच्या बाबतीत कानावर फार भिस्त ठेवता येत नाही. नळ्या पोकळ, त्यामुळे हबमधली कटकट पेडलपाशी ऐकू येते आणि सीटची कुरकुर चाकातून आल्यासारखी वाटते. हाताला मात्र छऱ्यांची खरखर बरोबर लागते. पुढचं चाक फिरवून तिथेही तळवा ठेवलात, तुलनेसाठी. पुढे गुळगुळीत, मागे जात्यासारखं.

मग व्हॉल्व्हवर नजर ठेवायला सांगितलंत. टायरमधला खडा, सैल स्पोक, रिमच्या पोकळीत पडलेला निपलचा (स्पोकच्या टोकाच्या नटचा) तुकडा, ब्रेकला घासणारी रिम यांचे आवाज चाकाच्या फेऱ्याशी बांधलेले असतात. दर फेऱ्याला, व्हॉल्व्ह त्याच जागी आला की टक्. आपल्या चाकात तसं नव्हतं. एका फेऱ्यात पाच-सहा बारीक धक्के, आणि व्हॉल्व्ह कधी वर, कधी खाली. हे गणित फार सुंदर आहे आणि बहुतेकांना कोणी सांगितलेलं नसतं. छर्रे चाकाच्या वेगाने पुढे जात नाहीत. चाकाचे दहा फेरे होतात तेव्हा छऱ्यांचं रिंगण सुमारे सहाच फेरे पुरे करतं. ॲक्सलवरचा कोन तर स्थिरच असतो. त्यावर एका जागी खड्डा पडला, की चाकाच्या एका फेऱ्यात नऊपैकी पाच-सहा छर्रे त्यावरून जातात. चाकाला वेग आला की हे धक्के एकात एक मिसळतात, म्हणून सुटी कटकट न ऐकू येता घरघर ऐकू येते.

बाकीचे संशयितही तुम्ही सोडले नाहीत. स्पोक जोडीजोडीने दाबून पाहिलेत, कारण जिथे ते एकमेकांवरून जातात तिथे जोर लावल्यावर करकरतात. कॅसेटची, म्हणजे मागच्या गिअरचक्रांच्या गठ्ठ्याची रिंग सैल नाही ना ते हाताने हलवून पाहिलंत. ती चांगली 40 न्यूटन-मीटरला आवळलेली लागते. सैल राहिली तर चढावर गिअर कुरकुरतात, आणि लोक बिचाऱ्या हबला दोष देतात. हे सगळं पाच मिनिटांत झालं असेल.

आता बॉलपेन.

डावीकडचा कोन काढून तुम्ही फडक्याने लख्ख पुसलात आणि माझ्यापुढे धरलात. चकचकीत दिसत होता. नखही फिरवून पाहिलं, काही लागलं नाही. इथे कोणीही ‘गेलाय हा, बदलावा लागेल’ म्हणालं असतं आणि मी मान डोलावली असती. तुम्ही खिशातून पेन काढलंत, माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, ‘जिथून छर्रे फिरतात तिथून टोक फिरव. हळू.’

टोक सरकत गेलं. अर्ध्याहून जास्त वर्तुळ काचेसारखं. मग खुट्. परत मागे आणलं, परत खुट्. पुढे आणखी एक, त्याला लागून तिसरा. टाचणीच्या डोक्याएवढेही नसतील, पण पेनाने लपवू दिले नाहीत. लपवणार कसं? त्याच्या टोकालाही एक छर्राच असतो. हबमधल्या छऱ्याला जे रोज सोसावं लागत होतं ते त्या टोकातून थेट माझ्या बोटांत आलं. नख रुंद, ते खड्ड्यावरून तरून जातं. डोळा चकाकीला फसतो.

तिन्ही खड्डे कोनच्या एकाच बाजूला होते. का, ते तुम्ही दोन वाक्यांत सांगितलंत. ॲक्सल फिरत नाही, त्यामुळे अंगावरचं सगळं वजन कायम कोनच्या खालच्या भागावर. हबमधला कप, म्हणजे छऱ्यांना बाहेरून धरणारी वाटी, मात्र चाकाबरोबर फिरतो, म्हणून त्याची झीज सगळीकडे वाटली जाते. लगेच तेच पेन कपमध्ये फिरवायला लावलंत. पूर्ण फेरा, कुठेही अडलं नाही. तेव्हा कळलं की ‘नवं चाक घाला’ हा सल्ला किती उथळ होता. कप हबमध्ये ठोकून बसवलेला असतो. तो खराब झाला तर गोष्ट वेगळी, बऱ्याचदा हबच बदलावा लागतो. पण कोन आट्यांवरून फिरवून काढायचा आणि दुसरा चढवायचा. आधी मरतो तो स्वस्त भाग, ज्याने कोणी हे घडवलं त्याने विचार करूनच घडवलंय.

काका, तुम्हाला हे विशेष वाटणार नाही. पण दोष आधी गिऱ्हाइकाच्या बोटांना लागू द्यायचा आणि मग पाना उचलायचा, याला वेगळी नियत लागते. त्या पेनाने मी तुमचं म्हणणं खोडूनही काढू शकलो असतो. ती सोय तुम्ही स्वतःहून माझ्या हातात दिलीत. पेन सगळ्यांच्याच खिशात असतं. डॉक्टर असो, गवंडी असो, की घरी येऊन फ्रिज उघडणारा माणूस असो, ‘तुम्हाला नाही कळणार’ म्हणायला काही लागत नाही. ‘हे बघा, इथे’ म्हणणारी माणसं भेटतात तेव्हा दिवसभर मन हलकं राहतं.

आणि ते छर्रे. उजवीकडून नऊ निघाले, डावीकडून आठ. कोणाच्या तरी हातून एक जमिनीवर घरंगळला असणार आणि शोधायचा कंटाळा केला असणार. तुम्ही ते फडक्यावर ओळीने मांडलेत, पुन्हा मोजलेत आणि काही बोलला नाहीत. मागच्या हबला एका बाजूला नऊ, पाव इंची. एक कमी पडला की त्याचा भार बाकी आठांवर. नवा एकच टाकून भागवलं नाहीत, अठराही बदललेत. जुने झिजून केसभर लहान झालेले असतात. त्यांत एक नवा घातला तर तो एकटाच मोठा आणि सगळं वजन त्याच्या डोक्यावर. नवा कोनही नुसत्या मापावर न आणता जुना शेजारी धरून, उतार आणि धुळीच्या झाकणाचा घेर जुळवून निवडलात.

ग्रीस भरणं, चेकनट बसवणं वगैरे लिहीत नाही. ते सगळ्यांना येतं, निदान येतं असं सगळे म्हणतात. दोन गोष्टी मात्र लिहायलाच हव्यात. फ्रीहबच्या खिट्ट्यांना, म्हणजे पेडलचा जोर चाकाला देणाऱ्या आतल्या दातांना, तुम्ही हबचं घट्ट ग्रीस लावलं नाहीत, पातळ तेलाचे थेंब दिलेत. जाड ग्रीसमध्ये खिट्ट्या चिकटून बसतात, स्प्रिंगने उठत नाहीत, आणि उभं राहून पेडल मारताना पाय एकदम रिकामा खाली जातो. असं गुडघे फोडून घेतलेले लोक सायकलवाल्यांत कमी नाहीत.

दुसरी गोष्ट. काम संपल्यावर चाक माझ्या हातात दिलंत तर ॲक्सलला अगदी पुसटशी डुगडुग होती. मी दचकलो, तुम्ही हसलात. चाक चिमट्यात बसवून क्विक रिलीजची, म्हणजे पान्याशिवाय चाक आवळणारी मूठ दाबलीत. अर्ध्यावर आल्यावर ती जड झाली आणि पूर्ण मिटताना तुमच्या तळव्यावर वळ उमटला. मग रिम धरून आडवी हलवायला सांगितलंत. डुगडुग गायब. पोकळ ॲक्सल त्या दाबाने किंचित आखडतो आणि दोन्ही कोन तेवढे जवळ येतात. हातातच शून्य डुगडुग ठेवून चाक बसवलं, तर सायकलवर ते आवळलेलंच फिरणार आणि नवा कोनही जुन्याच्या वाटेने जाणार. तिसऱ्या महाभागाला एवढंच ठाऊक असतं तर! शेवटी चेन गिअरवरून उतरवून चाक अलगद फिरवून सोडलंत. मंद होत होत ते थांबलं, जड बाजू खाली यावी म्हणून उलटं फिरलं, पुन्हा सुलटं, झोपाळ्यासारखं झुलत राहिलं. छर्रे मोकळे आहेत याची याहून चांगली पावती नाही.

जुना कोन तुम्ही कागदात गुंडाळून दिलात, तो जपून ठेवलाय. नवे छर्रे बसल्यावर थोडी ढिलाई येऊ शकते म्हणालात, म्हणून शंभरेक किलोमीटर झाले की चाक दाखवायला येईन. येताना तुमचं पेनही आणतो. त्या दिवशी चुकून माझ्याच खिशात आलं. टोकात ग्रीस गेल्याने ते लिहीत नाहीये, नवी रिफिल घालून आणतो.

तुमचा,
घरघर थांबलेल्या चाकाचा मालक