पुसलेल्या फिती आणि झाडीपट्टीची नाटके

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील विज्ञानकथा-मालिकांवरच्या लेखाचा सूर असा, की पैसा नाही म्हणून आपल्याकडे असे काही होत नाही. त्यात वारिस हुसेन यांना एका ओळीत ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या विज्ञानकथा-मालिकेचे जनक म्हणून उरकले आहे. ते जनक नव्हेत. मालिका उभी करण्याचा आग्रह बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांचा, निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट, पहिली संहिता अँथनी कोबर्न यांची. हुसेन हे पहिले दिग्दर्शक. जन्म लखनौचा, १९३८चा; आई अतिया हुसेन नावाजलेल्या लेखिका. केंब्रिजला शिकून बीबीसीत आले आणि १९६३ साली हे काम हाती आले तेव्हा वय अवघे २४.

पैशाचे म्हणाल, तर मालिकेचा लंडनमधल्या लाइम ग्रोव्हचा स्टुडिओ जुना, अडचणीचा आणि दिव्यांनी भट्टीसारखा तापणारा. व्हिडिओ टेप तेव्हा ब्लेडने कापून जोडावी लागे. त्यामुळे मध्ये थांबायची मुभा फार थोडी. भाग जवळजवळ नाटकासारखा सलग खेळायचा. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, रात्रभर नाटक ओढून नेणाऱ्यांना यातली मेख लगेच कळेल. पहिल्याच भागात दोन शिक्षक मोटारीत बसून एका विचित्र विद्यार्थिनीची आठवण काढतात. मोटारीतले नट त्याच क्षणी वर्गाच्या सेटवर जाणार कसे? हुसेन यांनी कॅमेऱ्यालाच शिक्षकाचा डोळा केले. मुलगी कॅमेऱ्याकडे पाहून उत्तर देते, शिक्षकांचा नुसता आवाज येतो. खर्च शून्य, आणि पाहणाराही नकळत त्या मुलीवर संशय घेऊ लागतो.

पहिला प्रयत्न मात्र फसला. २७ सप्टेंबरच्या चित्रणात डॉक्टर या नायकाच्या कालयानाची दारे नीट लागेनात, त्यांची खडखड संवादांत घुसली, आणि हा म्हातारा डॉक्टर नको तितका खडूस वाटला. न्यूमन यांनी सगळे पुन्हा करायला लावले. १८ ऑक्टोबरला पुन्हा चित्रण झाले, २३ नोव्हेंबरला प्रक्षेपण. आदल्याच दिवशी केनेडींची हत्या झाली होती. पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला भाग पुन्हा दाखवावा लागला.

यानाचा तो घरघराट बीबीसीचे ध्वनितंत्रज्ञ ब्रायन हॉजसन यांनी जुन्या पियानोच्या तारांवर घराची किल्ली घासून काढला. शीर्षकातले वाहते ढग म्हणजे कॅमेरा त्याच्याच चित्राकडे रोखण्याची करामत. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हे सहज करता येईल. कॅमेरा केबलने टीव्हीला जोडा, खोलीत अंधार करा, कॅमेरा टीव्हीकडे वळवून किंचित तिरका धरा आणि पडद्यासमोरून टॉर्च फिरवा. पडदा पांढराफट्ट झाला तर एक्स्पोजर कमी करून लॉक करा. ऑटोवर ठेवले की चित्र धडधडत राहते. मोबाइल वायरलेसने जोडू नका. चित्र उशिरा पोहोचते, मग ढग वाहत नाहीत, तुटक चौकटींची रांग दिसते.

हुसेन पुढे विज्ञानकथेत रमले नाहीत. १९७८ची ‘एडवर्ड अँड मिसेस सिम्प्सन’ ही त्यांची गाजलेली मालिका, तिला बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. ‘डॉक्टर हू’चे त्यांचे भाग दहाच. पहिल्या कथेचे ४ आणि १९६४च्या ‘मार्को पोलो’चे ६. खरी हळहळ ‘मार्को पोलो’ची. सात भागांची ही कथा बीबीसीने टेप महाग म्हणून पुसली आणि फिती पुन्हा वापरल्या. परदेशी विक्रीसाठी काढलेल्या फिल्म-प्रतीही राहिल्या नाहीत. आवाज उरला तो घरोघरच्या प्रेक्षकांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवला म्हणून. आणि चित्र? जॉन कुरा नावाचे गृहस्थ चालू कार्यक्रमाचे टीव्हीवरून फोटो काढून ते कलाकार-दिग्दर्शकांना विकत. हुसेन यांनी आपल्या सहा भागांचे संच घेऊन जपले होते. त्यांच्याच संग्रहातून ते पुढे आले. चौथ्या भागाचा संच त्यांच्याकडे नव्हता, कारण तो भाग जॉन क्रॉकेट यांनी दिग्दर्शित केला होता.

आता आपल्याकडे पाहा. दिवाळीनंतर मंडई (गावजत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) यांच्या निमित्ताने चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्यात रात्री नाटके उभी राहतात. गडचिरोलीतले वडसा तर नाट्यमंडळांचे ठाणेच. पण नाटकाचा पूर्ण प्रयोग नीट टिपलेला क्वचितच सापडतो. प्रेक्षकांनी मोबाइलवर घेतलेली लावणीची दोन मिनिटे म्हणजे नोंद नव्हे.

मंडळांनी एवढे करावे. मोबाइल तिवईवर, मंडपाच्या मध्यरेषेवर, पहिल्या रांगेतल्या डोक्यांच्या वर. आधी फ्लाइट मोड, नाहीतर पहिल्याच फोनला चित्रण थांबते. साध्या १०८० दर्जाला तासाला साधारण ८ जीबी जागा लागते. सहा तासांना ६४ जीबीचे कार्ड काठावरचे, १२८चे घ्या. आवाज मोबाइलवर सोडू नका. ऑर्गन वाढला की मोबाइल आपोआप आवाज दाबतो आणि पुढचा संवाद पुटपुटल्यासारखा येतो. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वेगळ्या रेकॉर्डरला लाइन घ्या, सुरुवातीला एकदा टाळी वाजवा, म्हणजे चित्र आणि आवाज नंतर जुळवता येतात. प्रत्येक अंकानंतर चित्रण थांबवून फाईल बंद करा. चालू असतानाच बॅटरी गेली तर ती फाईल बहुधा उघडत नाही. एक प्रत लेखकाकडे आणि एक दुसऱ्या गावी ठेवा. आणि कार्ड पुढच्या प्रयोगासाठी रिकामे करण्याआधी दोन्ही प्रती शेवटपर्यंत चालवून बघा.

आपले,
झाडीपट्टीतील काही नाट्यप्रेमी वाचक,
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर