माशांच्या खोलीआधी स्लॅबचा विचार व्हावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाणखान्यातल्या एका टाकीवर भागत नाही म्हणून घरातली एक स्वतंत्र खोलीच माशांसाठी राखून ठेवणारे हौशी लोक आता नाशिकमध्येही दिसू लागले आहेत. मीही त्यांच्यापैकीच एक असल्याने या हौसेचे मला मनापासून कौतुक आहे. परंतु खोलीचे बेत आखताना चर्चा होते ती मासे, दिवे आणि फिल्टर यांची, आणि हे सारे ज्या स्लॅबवर उभे राहणार आहे त्याचा विचार मात्र कोणी करत नाही, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी नेहमीची टाकी घ्या. तिच्यात सुमारे २५० लिटर, म्हणजेच २५० किलो पाणी मावते. जाड काच, तळाची वाळू आणि लोखंडी स्टँड धरल्यास हा भार साडेतीनशे किलोंच्या घरात जातो. इमारतींवरील भारांसाठीच्या भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागानुसार राहत्या खोलीचा वापरभार, म्हणजे माणसे आणि सामानसुमान यांचा भार, दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो धरला जातो. त्या हिशेबाने दहा बाय बाराच्या खोलीला सव्वादोन टन मिळतात. तिथे दोन-दोन टाक्या एकावर एक ठेवलेले चार स्टँड लावले, तर पावणेतीन टनांच्या पुढे मजल जाते, आणि हा भार खोलीभर पसरलेला नसून स्टँडच्या अरुंद पायांखाली एकवटलेला असतो. शिवाय पाहुणे येतात आणि जातात, हे पाणी मात्र वर्षानुवर्षे तिथेच असते.

तळमजल्यावर, थेट जमिनीवर घर असेल तर ही चिंता बरीच हलकी होते. परंतु आपल्याकडच्या बहुतेक अपार्टमेंटमध्ये तळाला पार्किंग असल्याने पहिल्या मजल्याची फरशीसुद्धा स्लॅबच असते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. अशा घरात स्टँड खोलीच्या मधोमध न ठेवता बीमवरच्या भिंतीलगत ठेवावेत, पायांखाली भार पसरवणारी जाड पट्टी द्यावी आणि बाहेर काढलेल्या बाल्कनीत टाकी मुळीच ठेवू नये. तरीही किती टाक्या ठेवता येतील, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने नकाशा पाहून सांगितल्यावरच ठरवावे. मिस्त्रीच्या ‘काही होत नाही’वर विसंबून राहू नये. टाकी भरल्यावर पाण्याची रेघ चारही कोपऱ्यांत काचेच्या काठापासून सारख्या अंतरावर आहे का, हे पट्टीने मोजावे. एका टोकाला अर्धा इंच फरक दिसला, तर स्टँड कलला आहे आणि सिलिकॉनच्या सांध्यावर ताण येतो आहे असे समजून टाकी लगेच रिकामी करावी.

स्वतंत्र खोलीचे फायदे खरे आहेत. हिवाळ्यात नाशिकचा पारा १० अंशांखाली उतरतो आणि उष्ण कटिबंधातल्या माशांना तर २४ ते २८ अंशांचे पाणी लागते, तेव्हा प्रत्येक टाकीत हीटर टाकण्यापेक्षा खोलीच उबदार ठेवणे सोपे पडते. एका एअर ब्लोअरवर सगळे स्पंज फिल्टर चालतात. मात्र खोलीला नहाणी ट्रॅप (फरशीवरचे पाणी वाहून नेणारी जाळी) आणि वॉटरप्रूफिंग हवे, नाहीतर पहिली गळती खालच्या शेजाऱ्याच्या छतावर दिसते. दमट हवेसाठी एक्झॉस्ट पंखा हवा. सॉकेट पाण्याच्या पातळीपेक्षा वर आणि वायरिंगला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच, हवाच. गोड्या पाण्याच्या टाक्यांतले बदललेले पाणी कुंड्यांना घालावे, झाडे त्यावर जोमाने वाढतात.

सोसायट्यांना माझी विनंती आहे की, अशा खोलीला सरसकट नकार देऊ नये आणि डोळेझाकही करू नये. इंजिनिअरचा लेखी अभिप्राय मागून परवानगी द्यावी. आणि टाक्या विकणाऱ्यांनी प्रत्येक टाकीच्या काचेवर, किमतीच्या शेजारी, पाण्यासह तिचे एकूण वजन किलोमध्ये ठळक लिहावे. एवढ्याशा चिठ्ठीला खर्च नाही, आणि गिऱ्हाईक घरी जाऊन स्लॅबची चौकशी करेल.

आपला,
एक मत्स्यप्रेमी वाचक, नाशिक