स्टोन कॉलमनंतर माती लगेच घट्ट होत नाही

संपादक महोदय,

पंचगंगेकाठच्या काळ्या चिकण मातीत स्टोन कॉलम, म्हणजे जमिनीत भोक पाडून खडी ठासून केलेले खांब, घातले की भोवतीची जमीनही लगेच घट्ट होते, असा समज आहे. तो घातक आहे. भुसभुशीत वाळू व्हायब्रेटरच्या हादऱ्यांनी दाबली जाते; चिकण माती नाही. उलट, भोक पाडताना ती मळली जाते, तिच्यातल्या पाण्याचा दाब वाढतो आणि ताकद काही काळ घटते. पुढे ते पाणी खडीतून निचरते, माती बसते, मग ताकद वाढते. याला कित्येक आठवडे लागू शकतात. खांब भरल्यावर दुसऱ्याच दिवशी पाया भरायला घेणं म्हणूनच चूक.

खांबाला उभं धरते ती भोवतीची मातीच. ती फारच मऊ असेल तर खडी वरच्या भागात, साधारण व्यासाच्या चौपट खोलीपर्यंत, बाजूला फुगते आणि पाया खचतो. खडीत माती मिसळली तर निचराही तुंबतो. म्हणून खडी धुतलेली हवी, वर वाळूचा थर हवा. एका खांबावर भारचाचणी पुरेशी नाही, तीन खांबांच्या गटावरही घ्यावी; स्टोन कॉलमसाठीचं भारतीय मानक आयएस १५२८४ तेच सांगते. बांधकाम परवानगीच्या फाइलमध्ये हे अहवाल सक्तीचे करावेत, ही कळकळीची विनंती.

– एक स्थापत्य अभियंता, कोल्हापूर