हेल्मेट विसरलात

सुदामानगर, इंदूर
५ जानेवारी २०२६

चि. समीर यास,
अनेक आशीर्वाद.

ओजसचं हेल्मेट इथेच राहिलं. काल केर काढताना दिवाणाखाली सापडलं. पुठ्ठा एका बाजूने चेपला होता, तो मी आतून चमच्याने दाबून सरळ केला. समोरच्या प्लास्टिकवर माझ्या कुंकवाचा टिळा अजून तसाच आहे. औक्षणाच्या वेळी पठ्ठ्या हेल्मेट काढेचना. ‘अंतराळात हेल्मेट काढलं की माणूस मरतो, आजी.’ मग काय, काचेवरच कुंकू लावलं, काचेलाच अक्षता लावल्या आणि सुपारी-अंगठी हेल्मेटभोवती ओवाळली. तो डाग पुसू नका. पार्सलात हेल्मेट मोकळं ठेवलं तर पुन्हा चेपेल म्हणून त्याच्या पोटात लवंगी शेवेचे दोन पुडे आणि जिरावन मसाला कोंबला आहे. शेव ओजसला तिखट लागते, ती तुम्हा दोघांना.

पत्र शेवेसाठी लिहीत नाही हे तुला कळलं असेलच. फोनवर तू ‘बरं, बघू’ म्हणतोस आणि माझं पुढचं वाक्य तोंडातच राहतं. एक तारखेला स्टेशनवर तू बॅगा मोजत राहिलास, तीनदा मोजल्यास, बॅगा चारच होत्या. पाया पडलास तेव्हा मीसुद्धा ‘सावकाश जा’ एवढंच म्हटलं. घरी येताना रिक्षात ठरवलं की तो विषय परत काढायचा नाही. निदान या पानावर तरी काढत नाही.

ओजसच्या वाढदिवसाची अंतराळ-पार्टी झकास झाली. हे त्या दिवशी कुणीच तुला म्हटलं नाही, म्हणून आधी लिहिते. तुझ्या सहाव्या वाढदिवसाला आम्ही काय केलं होतं? श्रीखंडाचा डबा आणला आणि शेजारची चार पोरं बोलावली. तू आठवडाभर रात्री अकरा-अकरापर्यंत जमिनीवर बसून कातरी चालवलीस. भाटियांचा नवा फ्रीज आला तर रॉकेटसाठी त्याचं खोकं भंगारात जाण्याआधी बाबांना पिटाळलंस. आणि बाबा गेले! ज्या माणसाने तुझ्या जन्मात एक फुगा फुगवला नाही तो सियागंजात जाऊन चंदेरी कागदाचे रोल घासाघीस करून घेऊन आला आणि येताना ‘अजून दोन लागतील’ म्हणून परत गेला. मैद्याची खळ मी शिजवली. खिडक्या आपल्या पोह्यांच्या ताटलीने आखल्या. आत बटणांच्या जागी जुन्या कूकरची शिट्टी, टीव्हीचा मेलेला रिमोट आणि स्कूटरचा काटा. त्या काट्यावर साठच्या पुढे कधी गेलो नाही असं बाबा मुलांना सांगत होते, आणि मुलं रॉकेट साठच्या वेगाने जातं असं समजून बसली.

चादरींच्या बोगद्याला तू कृमिविवर (वर्महोल) म्हणालास. मुलांनी पाच मिनिटांत त्याचं ‘किड़ेवाली सुरंग’ करून टाकलं. तुझा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता.

रेवतीची गोष्ट मला फार आवडली, तिला सांग. हवा संपलेला ग्रह, हवाच नाही म्हणून आवाज जात नाही, म्हणून तिथली माणसं नुसत्या खुणांनी बोलतात. विज्ञानही पक्कं आणि मुलांना खेळही मिळाला. बाबा डोळ्यांना चहाची गाळणी बांधून दोन तास ग्रहवासी होऊन बसले, मध्ये एकदा डुलकीसुद्धा काढली, आणि मुलांना वाटलं तो निरोपाचाच भाग आहे. तळलेल्या गराडू कंदाच्या उल्का, जिरावनाची मंगळावरची माती, खोपरा पॅटिसचे चंद्र. शनीच्या केकला कडं म्हणून सराफ्यातून भल्यामोठ्या जिलबीसारखा जलेबा आणायची कल्पना तुझीच. तो आदल्या रात्रीचा असल्यामुळे वातड झाला होता, पण शनीला काय त्याचं.

ड्राय आइस आणू दिला नाही याचा राग धरला असशील तर धर. उणे अठ्ठ्याहत्तर अंशांची वस्तू, नुसत्या बोटाला लागली तरी चामडी जळते, आणि दारं लावलेल्या खोलीत त्याचा कर्बवायू खाली साठतो, जिथे मुलं बसलेली असतात. ईनोची रॉकेटं काय कमी उडाली? औषधाच्या बाटलीत पाणी, झाकणात ईनो, बाटली उलटी करायची आणि पळायचं. व्हरांड्याच्या छताला पाच डाग पडलेत. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात.

आता लिहितेच.

खुणांच्या खेळात ओजस सगळ्यांच्या पुढे होता. बाबांनी हात पोटावर ठेवायच्या आत हा ‘भूक’ म्हणून ओरडायचा. अकरा मुलांत एकही त्याच्या जवळपास नव्हतं. आणि पुढच्याच खेळात, तो ‘परग्रहाचा निरोप’, एकाने दुसऱ्याच्या कानात सांगायचा, साखळी प्रत्येक वेळी त्याच्याचपाशी तुटली. ‘चंद्रावर चार कप चहा’ हा निरोप त्याच्यापर्यंत नीट आला. त्याने विचारलं ‘क्या?’ त्या मुलीने परत सांगितलं. परत ‘क्या?’ मग याने आपल्या मनाचं काहीतरी पुढे ढकललं आणि सगळी हसली. दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी त्याने हेल्मेट फेकलं. तू त्याचा दंड धरलास, ‘एकदा सांगितलेलं ऐकत का नाहीस तू?’ म्हणालास आणि मागच्या खोलीत नेऊन बसवलंस. बाहेर त्याच्याच वाढदिवसाची गाणी चाललेली.

मी तेव्हा सगळ्यांसमोर बोलले, ‘अरे, ऐकत नाही असं नाही, त्याला ऐकू येत नसेल.’ हे मी खोलीत घेऊन, हळू सांगायला हवं होतं. इतर मुलांच्या आया होत्या, रेवतीचा चेहरा उतरला. चूक माझी. पण तू जे म्हणालास, ‘आई, तुला प्रत्येकात रोगच दिसतो’, त्यात रोग हा शब्द मी काढलाच नव्हता.

मी आत गेले तेव्हा तो रडत नव्हता. पलंगावर बसून हेल्मेटची पट्टी चिकटवत होता. मला विचारलं, ‘आजी, खऱ्या अंतराळात कुणालाच ऐकू येत नाही ना?’ मी म्हटलं, नाही रे, हवाच नसते तिथे, म्हणून अंतराळवीर रेडिओवर बोलतात. शुभांशु शुक्ला गेल्या जूनमध्ये अंतराळ स्टेशनवर गेले, त्यांच्या कानापाशीसुद्धा रेडिओ होता. ‘कुणालाच नाही’ एवढं म्हणून त्याने मान डोलावली. हे मी तुला त्या दिवशी सांगितलं नाही.

तुला वाटेल आई खेळावरून एवढं काढते. खेळावरून नाही. तुम्ही आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ओट्याजवळून, त्याच्या पाठीमागून विचारलं, गूळपोळी देऊ? आणि तो वळला नाही. गूळपोळीला! टीव्हीच्या पुढ्यात जाऊन बसतो, ओरडलं की मागे सरकतो, परत पुढे जातो. रात्री तोंड उघडं ठेवून घोरतो. नोव्हेंबरात त्याला मोठी सर्दी झाली होती, हे रेवतीच म्हणाली. बोलताना तो आपल्या डोळ्यांकडे बघत नाही, तोंडाकडे बघतो. हेल्मेटांमध्ये सगळ्यांच्या श्वासाने वाफ धरली, तोंडं दिसेनात, आणि पोर चाचपडलं. तुला एवढं सगळं जोडता येतं, रॉकेट जोडलंस, हे कसं जोडलं नाहीस?

हे लिहिलं ते खोडणार होते. राहू दे. तुझ्यावर कामाचा भार आहे हे मला माहीत आहे. सुट्टीतसुद्धा तू पहाटे लॅपटॉप उघडून बसत होतास.

वसंतामामाचं तुला कधी नीट सांगितलं नाही. त्याला आम्ही लहानपणी ठोंब्या म्हणायचो. मीसुद्धा. मल्हारगंजच्या वाड्यात १९७९ च्या पावसाळ्यात स्कायलॅब पडणार म्हणून नुसता कल्लोळ होता. अमेरिकेची सत्त्याहत्तर टनांची प्रयोगशाळा, कुठे कोसळेल कुणी सांगू शकत नव्हतं. रोज रेडिओला कान लावून बसायचे सगळे. आजी रामरक्षा म्हणायची, दादांनी अंगणातल्या खाटा आत ओढल्या, जणू पत्र्याखाली सत्त्याहत्तर टन अडणार होते. मी चौदा वर्षांची, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. अकरा जुलैच्या रात्री ती हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडली. सकाळी आम्ही ओटल्यावर आलो तर वसंता तिथेच गोधडी घेऊन गाढ झोपलेला. नऊ वर्षांचा. सगळ्या वाड्याने त्याचं कौतुक केलं, पोरगं वाघ आहे म्हणाले, आईने शेंगदाण्याचा लाडू दिला. लाडू खाताना त्याने विचारलं, काय पडलं? त्याने पंधरा दिवसांत ती बातमी ऐकलीच नव्हती. तरीही कुणाच्या डोक्यात आलं नाही.

शाळेत मागच्या बाकावर बसायचा आणि मास्तरांचा मार खायचा, ऐकत नाही म्हणून. दोनदा नापास झाला. कान वाहायला लागला की आई लसूण घातलेलं कोमट तेल ओतायची. चौदाव्या वर्षी एम.वाय. हॉस्पिटलात नेलं तेव्हा एका कानाचा पडदा गेलेला होता, आणि डॉक्टर आईला म्हणाले ते शब्द ती मरेपर्यंत म्हणत राहिली, पाच वर्षं आधी यायचं. आज तो हसतखेळत असतो. पण लग्नकार्यात बघ, तो कायम भिंतीला पाठ लावून बसतो. सगळ्यांची तोंडं समोर हवीत. ओजस जेवताना कुठे बसतो ते एकदा बघ.

घाबरवायला हे लिहीत नाही. तो काळ वेगळा होता.

आणि आता कबूल करते, मी प्राचीला फोन केला. मंदाची प्राची, तिचं कामच कान तपासण्याचं आहे. नाव न घेता विचारलं, पण ती हसली, म्हणाली, मावशी, ओजसच ना? ती म्हणाली की या वयात हे फार होतं. मुलांच्या नाकापासून कानापर्यंतची नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते, सर्दीनंतर पडद्यामागे चिकट पाणी साचून राहतं. दुखत नाही, ताप नाही, म्हणून कळत नाही. पाण्यात बुडी मारून ऐकल्यासारखं ऐकू येतं. कुणी मोठ्याने बोललं की ऐकतो, हळू बोललं की निसटतं, त्यामुळे घरच्यांना वाटतं मुलगा सोयीने ऐकतो. बहुतेकांचं तीन महिन्यांत आपोआप निवळतं. नाकामागच्या गाठी वाढल्या असतील तर घोरणं आणि हे बरोबरच चालतं. तपासणी दोन मिनिटांची. कानात बोंडासारखं रबर लावतात आणि पडदा हलतो का बघतात, टिंपॅनोमेट्री म्हणतात. मग हेडफोन लावून बारीक आवाज ऐकवतात, आला की हात वर करायचा. तिने सांगितलं, त्याला म्हणावं अंतराळवीरांची निवडचाचणी आहे. तुझ्या पोराला याहून चांगलं आमंत्रण कुठलं?

तेल घालू नका. काडी घालू नका. बस, झालं. मी शेवटचं सांगते म्हणून असं आधीही म्हटलंय, ठाऊक आहे.

तुला दोष देत नाही रे. त्याचा दंड धरून आत नेताना तुझाच हात थरथरत होता, ते मी पाहिलं. आठ दिवस राबून उभं केलेलं आपल्याच पोराने चार लोकांत मोडावं, कुणालाही लागेल. बाबा तर म्हणतात मी तुझ्याशी याहून वाईट वागलोय. ते आता म्हणतात! तुझ्या वेळी म्हणायचं होतं.

रॉकेट अजून व्हरांड्यात उभं आहे. शुक्रवारी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली, मी ओला आणि सुका वेगळा करून दिला, आणि खोक्याला हात लावला तेव्हा गाडीवरच्या पोराने विचारलं, ‘अम्मा, ये भी?’ मी म्हटलं, नाही, पुढच्या आठवड्यात. बाबा सकाळी उन्हात खुर्ची आत ओढून त्यात पेपर वाचतात. स्कूटरचा काटा बघतात आणि साठ झाले की बाहेर येतात, असं मला सांगतात.

रेवतीला म्हणावं, उत्तराची घाई नाही. पण पुण्यात तारीख कधीची मिळते ते कळव. मी यायला तयार आहे, नुसती त्याच्या जवळ बसायला. बोलणार नाही.

तुझी,
आई

ता. क. : काल फोनवर तो मला गोष्ट सांगत होता तेव्हा मी मुद्दाम हळू विचारलं, ‘हेल्मेट पाठवू का?’ तो थांबला. खरखर आली, फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर गेल्याची. मग म्हणाला, ‘आजी, परत बोल.’ कुठला कान होता ते मला इथून कसं कळणार? तू बघ.